रविवारच्या बाजारात हरवलेली

रविवारी आईला बाजारात घेऊन जाते म्हटलं की माझा भाऊ पुण्याहून फोनवरच डोक्याला हात लावतो. "ताई, अगं गर्दीत कशाला नेतेस तिला?" मी म्हणते, गर्दी कसली रे, चार शेतकरी आणि बाकी सगळे डायबिटीसवाले.

खोटं नाही ते. इंदुरात आमच्या अन्नपूर्णा भागातल्या एका शाळेच्या मैदानावर दर रविवारी सकाळी हा बाजार भरतो. महूकडचे, देवासकडचे शेतकरी येतात. औषधं न मारलेली भाजी आणतात आणि त्यांच्या बायका तिथेच चुली मांडून खायला करतात. मक्याची रोटी, वांग्याचं भरीत, लसणाची चटणी. थंडीत गराडू. पुण्याच्या माणसांना गराडू सांगताना माझी दमछाक होते. कंद असतो तो, रताळ्याचा थोराड भाऊ म्हणा. तुपात खरपूस तळायचा, वर लिंबू पिळायचं आणि जिरावण मसाला भुरभुरवायचा. बाजाराचे कायदे कडक. थैली घरची, ताटली घरची, आणि खाल्लं की नळावर जाऊन आपली आपण घासायची. घरी पाण्याचा पेला न उचलणारे पुरुष इथे ओळीत उभे राहून राखेने ताटल्या घासतात आणि वर एकमेकांना सांगतात, "भिया, इसमें अलग ही मजा है." बायका बघून बघून हसतात.

आईला हा बाजार आवडायचा. आवडतो. हे "आवडायचा" की "आवडतो" गेल्या दीड वर्षात माझं सारखं चुकतं. ती विसरायला लागली आहे. गॅस लावून विसरते, जेवून विसरते, शेजारणीला आपल्या गेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारते. शेजारीण बिचारी ओ देते. भावाने पुण्याजवळ एक जागा शोधली आहे, म्हाताऱ्यांना सांभाळणारी. नर्सेस आहेत, बाग आहे, फोटोत सगळे हसताहेत. तो वाईट नाही, त्याला माझीच काळजी. लग्न-बिग्न मी केलं नाही, नोकरी अजून दोन वर्षं आहे, एकटी किती करणार, हे त्याचं म्हणणं. दिवाळीत तो पुन्हा तेच बोलला तेव्हा माझं डोकं फिरलं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतोच. मी म्हटलं, "ती मला ओळखते तोवर ती इथेच राहील. ज्या दिवशी ओळखणार नाही, त्या दिवशी मी स्वतः तिची बॅग भरीन. झालं समाधान?"

झालं त्याचं. माझं मात्र सगळंच गेलं. तेव्हापासून रोज सकाळी चहा घेऊन तिच्या खोलीत जाताना मी दाराशी थबकते. परीक्षाच ती. "कोण आलंय?" मी विचारते, आवाज हसरा ठेवून. ती म्हणते, "कोण म्हणजे? तूच की. चहा गार करून राहिलीस." मग माझा जीव भांड्यात पडतो, तो दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत.

त्या रविवारी तिने उत्तर द्यायला वेळ लावला. माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आलीस?" आता हे ओळखणं झालं की नाही झालं? "आलीस" तर ती कामवालीलाही म्हणते. तिच्या स्वेटरची बटणं लावताना, तिला मफलर गुंडाळताना, ऑटोत बसवताना माझं तेच चाललं होतं डोक्यात. ऑटोवाल्याशी मी उगाचच भांडले. तो म्हणाला, "मैडम, सुबह-सुबह?" मी म्हटलं, हो, सुबह-सुबह.

बाजारात पोचल्यावर मात्र ती खुलली. या बाजारात आधी चाखायचं, मग घ्यायचं. "चख के देखो, माताजी," असं म्हणत शेतकरी हातावर तुकडा ठेवतात. आई चाखते आणि पास-नापास करते. मटार तोंडात टाकून म्हणाली, "जून आहेत." गुळाला म्हणाली, "हा बरा." हरभऱ्याची हिरवी जुडी नाकाशी धरून उभी राहिली. मी तिचा हात घट्ट धरला होता आणि मनात म्हणत होते, बघ रे भाऊराया, काय झालंय हिला? तोंडाची चव शाबूत, तोंडाचा पट्टा शाबूत.

तेवढ्यात त्याचाच फोन. मोठ्या कढईशेजारी काही ऐकू येईना म्हणून तिचा हात सोडून मी चार पावलं बाजूला गेले. तो म्हणाला, त्या जागेत एक खोली रिकामी होतेय, लगेच कळवायला लागेल. मी म्हटलं, रिकामी म्हणजे कशी, कोणी मेलं का? तो म्हणाला, ताई, असं काय बोलतेस. मी आणखी चार गोष्टी सुनावल्या, फोन कापला आणि वळले.

आई नव्हती.

हरभऱ्याची जुडी गवतावर पडलेली. मी हाक मारली, "आई!" चार बायकांनी वळून पाहिलं, त्यातली एकही माझी आई नव्हती. पायाला भिंगरी लावल्यासारखी मी दोन ओळी फिरले. एक मफलर दिसला, धावले, तर कुणी भलतेच आजोबा निघाले.

माईकवर सांगायचं की. बाजारात एक माईकवाला असतो, कुठल्या दुकानात काय आलंय ते सांगत असतो. सरळ त्याच्याकडे जायला हवं होतं. पण इंदुरातली अर्धी मराठी मंडळी रविवारी त्या मैदानावर असतात. माईकवर आईचं वर्णन झालं की कुणाची तरी मावशी, कुणाची तरी वहिनी लगेच फोन लावणार आणि मटार सोलून व्हायच्या आत बातमी पुण्यात. मग कसली मुदत, भाऊ लगेच बॅग भरायला लावणार. म्हणून मी माईककडे गेले नाही. आपणच शोधू, पाच मिनिटांत सापडेल, म्हणत राहिले.

तेवढ्यात तो माईकच बोलला. "सुनिए, सुनिए. एक बच्ची गुम गई है. छह साल की है. किसी को दिखे तो यहां ले आइए." माझा पारा चढला. कोण हे आईबाप, पोरं सोडून देतात आणि स्वतः जिलब्या हाणत बसतात! आता सगळं मैदान त्या पोरीला शोधणार, माझ्या म्हातारीकडे कोण बघणार? आणि झालंच तसं. इंदूरवाल्यांना काम मिळायचा अवकाश. जो तो हातातली ताटली ठेवून उठला. बायका टेबलांखाली वाकून बघायला लागल्या. दोघातिघांनी कुणाच्या तरी चांगल्या खेळणाऱ्या पोरी उचलून माईककडे नेल्या, त्या भोकाड पसरून रडायला लागल्या.

मी दुकान दुकान विचारत निघाले. मुळ्याच्या दुकानात म्हणाले, "हओ, आई थीं माताजी. मूली चखी, बोलीं तीखी नहीं है, किस काम की." माझ्या जिवात जीव आला. आईच ती! तिळाच्या लाडवांच्या दुकानातली बाई म्हणाली, "बोलके गईं कि पाक कच्चा रह गया." आणि हळू आवाजात, "सही बोलीं वैसे." पुढे लोणच्यावालीला आईने मीठ कमी आहे म्हणून सांगितलेलं. मी त्या नापास पदार्थांच्या मागून मागून जात होते. भीती होती, पण मध्येच हसूही येत होतं. इतकी नावं ठेवणारी बाई हरवलेली कशी असेल? ती फिरतेय, आपल्या मर्जीने फिरतेय. बस.

लोणच्यानंतर दोन रस्ते फुटत होते. एक नळाकडे, एक फळांकडे. कुठे जावं म्हणून मी उभी होते आणि माईक पुन्हा बोलला.

"बच्ची के बारे में और जानकारी मिली है. दो चोटियां हैं, लाल रिबन. हरी फ्रॉक पहनी है, फ्रॉक की जेब पर पीली बतख बनी है. रंग सांवला है."

मी जागच्या जागी थिजले.

ती फ्रॉक आईने शिवली होती. आम्ही तेव्हा मल्हारगंजात राहायचो. पडद्याचं हिरवं कापड उरलं होतं, त्याची शिवली आणि वर खिशावर पिवळ्या धाग्याने बदक भरलं. बदकाची चोच चुकली होती, पोपटासारखी झाली होती, म्हणून मी रडले होते. असली दुसरी फ्रॉक कुठल्या दुकानात मिळणं शक्य नाही. त्याच फ्रॉकमध्ये मी एकदा मल्हारगंजच्या गल्लीत आईचा हात सोडून पत्र्याच्या पेट्या ठोकणाऱ्याच्या दुकानात जाऊन बसले होते. तो ठोकायचा ते बघत. आईने शोधून काढलं आणि भर रस्त्यात एक थोबाडीत दिली. मला त्या दिवसातली ती थोबाडीत तेवढी आठवते.

मी माईककडे धावले. कसली मावशी आणि कसली वहिनी, त्याची पर्वा राहिली नव्हती. "जिन्होंने ये बताया, वो माताजी कहां हैं?"

"वो बैठी ही नहीं, मैडम. हमने कुर्सी दी, चाय दी. बोलीं बैठने का टाइम नहीं है. खुद ढूंढने निकल गईं." मग त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. "आप बच्ची की कौन?"

काय सांगू? "मैं माताजी की बेटी हूं."

"अच्छा, मतलब बच्ची आपकी..." त्याने मनात बराच हिशेब केला. "पोती?"

"बाद में बताती हूं," मी म्हटलं आणि फळांकडे पळाले.

पेरूवाल्याने, म्हणजे आमच्या भाषेत जामवाल्याने, तिला फोड दिली होती. "खाई नहीं उन्होंने. रुमाल में बांध ली. बोलीं बच्ची भूखी होगी." बोरंवालीकडेही तेच. बोरं रुमालात. इथून पुढे आईने काहीच चाखलं नव्हतं, कशालाच नावं ठेवली नव्हती. सगळं बांधून घेत गेली होती.

गराडूच्या कढईपाशी ती दिसली. ताटली नाही म्हणून मिळालेला पानाचा द्रोण दोन्ही हातांत धरून उभी. मफलर एका खांद्यावरून लोंबत होता. समोर एक बाई एका गोऱ्यागोमट्या पोरीला धरून विचारत होती, "ये है क्या, माताजी?" आणि आई म्हणत होती, "ना ना. मेरी वाली इतनी गोरी कहां."

"आई!" मी म्हटलं.

तिने मागे वळून पाहिलं, मी कुणाला हाक मारतेय ते. मागे कुणी नव्हतं. मग तिने माझ्याकडे तोंड केलं आणि म्हणाली, "बहनजी, आपने देखी क्या? इतनी-सी है."

हे इंदूरबाहेरच्या माणसाला कसं सांगू? आमचं सगळं आयुष्य दोन भाषांत चालतं. दुकानात हिंदी, ऑफिसात हिंदी, शेजारी हिंदी. मराठीत बोलता बोलता अर्धं वाक्य हिंदीत जातं ते कळतही नाही, पुण्याची भावजय हसते त्यावर. पण आई उंबऱ्याच्या आत शुद्ध मराठी. माझ्याशी तर कायमच. रागावली तरी मराठी, तापात बडबडली तरी मराठी. हिंदी परक्यांसाठी. "आप" तर पुरतंच परक्यांसाठी. जन्मात ती माझ्याशी हिंदीत बोलली नव्हती. ती आत्ता बोलली, अगदी अदबीने.

म्हणजे झाली परीक्षा. निकाल लागला. मला वाटलं होतं मी ओरडेन, तिला गदागदा हलवेन, अगं मी मी म्हणून. काहीच केलं नाही. नुसतं म्हटलं, "नहीं देखी, माताजी. आप बैठिए ना. मैं भी ढूंढती हूं आपके साथ." आईशी हिंदीत बोलताना जीभ अडखळत होती, नव्या शाळेत पहिल्या दिवशी अडखळावी तशी.

कढईवाल्या बाईने बाक पुढे सरकवला. आई टेकली, पण टोकावर. नजर सारखी मैदानभर. गुडघा हलत होता. मी मफलर नीट केला, तो तिने करू दिला.

"घर चलें?" मी विचारलं. "शायद घर पहुंच गई हो."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वरमले. "ऐसे कैसे घर चलें? उसको यहां छोड़के? आपके बच्चे नहीं हैं क्या?"

"नहीं."

"तभी," ती म्हणाली.

इतक्या दुःखातही मला तिचा राग आला. मग विचारलं, "कैसी है आपकी बच्ची?"

"गुस्सैल है," ती लगेच म्हणाली. "बाप पे गई है. भूख लगती है तो बोलती नहीं, चिढ़ती है. लोग समझते हैं बदतमीज है. है नहीं. डरती है तो भी चिल्लाती है." तिने द्रोणात पाहिलं. "ये उसको बहुत पसंद है. ठंडा हो रहा है."

मला रडू फुटलं. भर बाजारात, जिरावणच्या वासात, नाक पुसायला रुमाल नाही. आई एकदम कावरीबावरी झाली. "अरे, आप क्यों रोने लगीं? मिल जाएगी. मेरी है, मैं ढूंढ लूंगी." तिने द्रोणातली एक फोड उचलली, फुंकर मारली, निवलेली असूनही, आणि माझ्यापुढे धरली. "लो. एक खा लो. ढूंढ-ढूंढके आपको भी भूख लगी होगी." मी खाल्ली. वरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि मीठ कमी. मी तसं म्हटलं. "मैं भी वही बोली इनको," आई म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. मग तिने स्वतः एक खाल्ली. सकाळपासून पोटभर असं काही तिच्या पोटात नव्हतं. आम्ही एकेक करत खात होतो, पण चार फोडी तिने बाजूला सारून ठेवल्या आणि द्रोणावर पंजा झाकला.

फोन वाजला. भाऊ. ज्याची भीती होती तेच. इथल्या ओळखीच्या कुणीतरी मला बाजारात आईला शोधताना पाहिलं होतं.

"ताई, आई हरवली होती म्हणे?"

"सापडली. शेजारी बसलीय."

"तुला ओळखते ना? खरं सांग."

खोटं बोलता आलं असतं. इतक्या लांबून त्याला काय कळणार होतं? पण माझ्यात बळ नव्हतं. "नाही रे," मी म्हटलं. "नाही ओळखत. बहनजी म्हणतेय मला."

तो फार हळू म्हणाला, "मग ताई, तूच म्हणाली होतीस..."

"हो. मीच म्हणाले होते. पण ती यायची नाही तिकडे. तिची मुलगी इथे हरवलीय. तिला घेतल्याशिवाय ती या मैदानावरून हलायला तयार नाही, पुण्याला कुठली येतेय."

"मुलगी? कुठली मुलगी?"

"मी," मी म्हटलं.

आईने माझ्या दंडाला बोट लावलं. "कौन है फोन पे?"

"मेरा भाई."

"तो उसको भी बुला लो ना," ती म्हणाली. "इतने बड़े मैदान में तुम अकेली कहां-कहां ढूंढोगी?"

फोन चालूच होता. त्याने ऐकलं.

"येतो, ताई," तो म्हणाला. "सांग तिला, येतो म्हणावं."